डोंगरी बुजुर्गमधला ‘बुजुर्ग’ कोण?

तुमसरकडच्या एका वाचकाने विचारलंय: ‘इंचाला मैल प्रमाणाच्या जुन्या टोपोशीटवर (जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर) आमच्याकडच्या मँगनीज खदानीच्या गावाचं नाव रोमन अक्षरांत डोंगरी बुजुर्ग असं छापलंय. कागदोपत्री नुसतं “बु.” दिसतं. टेकडीवर कोणी बुजुर्ग बाबा राहायचे, त्यावरून नाव पडलं, असं एकजण सांगतो. खरं काय?’

बाबांना यातून मोकळं करू या. बुजुर्ग हा फारसी शब्द, अर्थ थोरला. त्याचा जोडीदार खुर्द, म्हणजे धाकटा. एकाच नावाच्या दोन गावांचा दफ्तरात घोळ होऊ नये म्हणून नावामागे ही शेपटी लागायची. पुण्याकडे आंबेगाव बुद्रुक नि आंबेगाव खुर्द आहेत. तिथला बुद्रुक म्हणजे हाच बुजुर्ग, मराठी तोंडात घासून निघालेला. मधलं रूप बुजरुक. ‘बु.’मध्ये तिन्ही मावतात, कारकुनाची सोय! मात्र थोरलेपण आजच्या लोकसंख्येवरून ताडू नका. कित्येक खुर्द वाढून बुद्रुकाच्या पुढे गेलेत.

खदानीशी या शब्दाचा संबंध नाही. या पट्ट्यात मँगनीज काढायला लागले ते १९०० च्या आगेमागे. फारसी दफ्तरी शब्द त्याच्या कितीतरी आधीचे.

खदानीचा धागा हवा असेल तर तो ‘डोंगरी’त शोधा. डोंगराचं लहान रूप ते डोंगरी. रामटेक तालुक्यातल्या बेलडोंगरीतही तेच आहे, आणि खदान तिथेही आहेच. मँगनीजचा दगड कठीण. भोवतालची माती-मुरूम झिजून वाहून गेली तरी तो उंचवटा धरून राहतो. म्हणून जुन्या शीटवर तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) जिथे दाटीने वळसा घालतात, तिथे बघायचं. त्या शीटवर दोन रेषांमधला फरक ५० फुटांचा, पुढच्या १:५०,००० च्या शीटवर २० मीटरचा. दोन्ही शेजारी ठेवताना हे विसरलात तर टेकडी उगाच बसकी दिसेल. शिवाय ही उघडी खदान, वरूनच खोदत नेलेली. खोदण्याआधीची टेकडी जुन्याच शीटवर शोधावी लागेल.

शीट मागताना ५५ ओ/१० हा क्रमांक सांगा. नाव शोधताना मात्र रोमनमध्ये ‘झेड’ आणि ‘जे’ दोन्ही लावून बघा, कारण बुजुर्गमधला ज कोणी झेडने लिहितं, कोणी जेने.