मुंबई–नागपूर: किलोमीटर किती, तास किती?

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. तेव्हापासून मुंबई–नागपूर प्रवासाबद्दलचा एकच गोंधळ वाचकांच्या पत्रापत्रांतून येतोय, म्हणून या वेळी फक्त त्याचीच उत्तरं.

प्रश्न: दोन्ही शहरांमधलं हवाई अंतर किती?
विमानतळ ते विमानतळ, सरळ रेषेत, सुमारे 685 किलोमीटर.

प्रश्न: रेल्वेचं अंतर 837, समृद्धीचं 701 आणि गाडीवाला 850 लावतो. खरं कोणतं?
837 हे भुसावळमार्गे रुळांचं अंतर. 701 हे भिवंडी तालुक्यातल्या आमणेपासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंतचं. तुमच्या घरापासून आमणे त्यात नाही, ते वेगळं मोजा. 850 लावणारा बहुधा त्याच्या गॅरेजपासून मोजतोय. हे आधी सांगत नाहीत आणि बिलात मात्र लावतात, याची मला चीड आहे. मीटर कुठून सुरू, रिकाम्या परतीचे पैसे किती, टोल कोणाचा, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या.

प्रश्न: समृद्धीवर मोटारसायकल नेता येते का?
नाही.

प्रश्न: सगळे म्हणतात आठ तासांत पोहोचतो. दिवसभर ऑफिस करून रात्री दहाला एकटाच निघालो तर सकाळी लग्नाला पोहोचेन ना?
निघू नका. ‘सगळे म्हणतात’ यावर स्टिअरिंग हातात घेऊ नका. कारला मर्यादा 120 ची, घाटात 100 ची. ताशी 120 म्हणजे सेकंदाला 33 मीटर. तीन सेकंद डोळा लागला की गाडी शंभर मीटर गेली, आणि त्या शंभर मीटरमध्ये ती कोणीच चालवत नव्हतं. जुन्या रस्त्यावर वळणं, गावं, गतिरोधक माणसाला जागं ठेवत. इथे सरळ डांबर किंवा काँक्रीट, एकसुरी आवाज आणि समोर तेवढाच उजेड. डोळे उघडे असतात, पण मेंदू झोपेला आलेला असतो. मी चालकांना नेहमी विचारतो, मागचा टोलनाका कधी गेला? उत्तर आलं नाही, तर गाडी तिथेच थांबायला हवी. चहा, गाणी, उघडी काच यांनी झोप जात नाही, ती झोपूनच जाते. दर दोन तासांनी अधिकृत थांब्यावर उतरा, कडेच्या पट्टीवर गाडी लावू नका. दुसरा चालक घ्या, नाहीतर पहाटे निघा. घोरण्याचा त्रास असेल किंवा झोप आणणारं औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: नायट्रोजन भरलं की टायर फुटत नाही, असं पंपावर सांगितलं.
साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. फुटतं ते कमी दाबाचं, जुनं किंवा अति भार झालेलं टायर. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे ते 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलं. टायर थंड असताना दाब तपासा, आणि कडेला फुगवटा किंवा चीर दिसली तर टायर जाणकाराला दाखवल्याशिवाय निघू नका.

प्रश्न: वडिलांची महिन्यापूर्वी बायपास झाली. विमान बरं की कार?
विमानाला दीड तास लागतो, पण घर ते विमानतळ, तपासणी आणि उतरल्यावरचा प्रवास धरला तर पाच-सहा तास होतात. तरी निवड माझी नाही, त्यांच्या सर्जनची आहे. प्रवासाला हरकत नसल्याचं त्यांच्याकडून लेखी घ्या, तिकीट त्यानंतर काढा आणि व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवा.