मुलगा माळेला बसत नाही

प्रश्न : आम्ही वसईचे. घरात रोज रात्री साडेआठला रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, सगळे मिळून म्हणतो, सासूबाईंनी कधी खंड पडू दिला नाही. माझा सोळा वर्षांचा मुलगा दोन महिन्यांपासून बसत नाही. यांनी त्याचा मोबाईल काढून घेतलाय, माळेला बसशील तेव्हा मिळेल म्हणून. सासूबाई म्हणतात, माळ चुकवणं पाप आहे, आणि संस्कार कमी पडले म्हणून मला बोल लावतात. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, तो येतो, पण मागे दाराशी उभा राहतो. पावसाळ्यात त्याचा मित्र बाईकच्या अपघातात गेला. आठवडाभर आयसीयूत होता, आम्ही रोज त्याच्यासाठी माळ म्हणत होतो. मी काय करू?

ताई, मित्राचं तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत. मला वाटतं, सगळं तिथूनच सुरू झालंय. तुमच्या मुलाने आठवडाभर गुडघे टेकून एकच मागणं मागितलं आणि ते मिळालं नाही. त्यानंतर घरात कुणी त्याच्याशी त्याविषयी बोललं का? पुन्हा साडेआठ वाजले आणि नेहमीच्या लयीत माळ सुरू झाली. त्याला तिथे बसवत नाही, हे मला कळतं.

आधी मोबाईल परत द्या, आजच. मोबाईलच्या बदल्यात म्हटलेली माळ ही प्रार्थना नव्हे.

पापाचं म्हणाल, तर रविवारची मिस्सा चर्चने बंधनकारक ठेवली आहे, रोझरी नाही. पोप पॉल सहावे यांनी १९७४ साली रोझरीची थोरवी सांगतानाच लिहिलं होतं, की ती म्हणण्याबाबत भाविकांना मोकळीक वाटली पाहिजे. आणि तरुणांना रोझरी रुचत नाही, ही तक्रार कदाचित ती म्हणण्याच्या पद्धतीबद्दल असेल, असं २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी म्हटलं. रहस्य, म्हणजे माळेच्या त्या टप्प्यावर मनन करायचा येशू-मरियेच्या जीवनातला प्रसंग, जाहीर केल्यावर बायबलमधला उतारा वाचा, थोडा वेळ शांत बसा, मग पुढे जा, असं त्यांनी सुचवलं. आपल्या घरांत हे क्वचितच होतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी आपण दुःखाची रहस्ये म्हणतो. त्यातलं पहिलंच बघा. गेथशेमानीच्या बागेत येशू विनवतो, बापा, हा प्याला माझ्यापासून दूर कर. तिघा शिष्यांना जागं राहायला सांगतो, ते झोपतात. प्याला, म्हणजे समोरचं मरण, टळत नाही. दुसऱ्या दिवशी क्रुसावरून तो ओरडतो, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ बाविसाव्या स्तोत्राची ही पहिली ओळ. मुलाचा प्रश्नही हाच आहे, आणि तो तुमच्या सासूबाईंच्या माळेत आठवड्यातून दोनदा येतो. आपण इतक्या भरभर म्हणतो की तो कानावरच पडत नाही.

पण हे त्याला प्रवचन म्हणून ऐकवू नका. आधी मित्राबद्दल विचारा. दोघं कुठे जायचे, काय बोलायचे. तो देवावर चिडला तर चिडू दे. ‘देवाची इच्छा’ हे उत्तर मुळीच नको, शोकातल्या मुलाला ते तोंडावर दार आपटल्यासारखं लागतं. त्याच्यासोबत तुम्हीही मागत होता. तुम्हालाही ते मिळालं नाही, हे त्याच्यापाशी बोला.

मग एखाद्या शुक्रवारी सगळ्यांनी मिळून फक्त ते पहिलं रहस्य घ्या. उतारा वाचा, त्या मित्राचं नाव घ्या, गप्प बसा. मुलगा आला तर आला. उरलेली माळ आणि लितानी, म्हणजे माळेनंतरच्या विनवण्या, सासूबाई नंतर त्यांच्या सवयीने म्हणतील, तेव्हा तुम्ही त्यांच्याजवळ बसा. इतकी वर्षं त्यांनी हे घर प्रार्थनेत धरून ठेवलंय, ते काढून घ्यायचं नाही. नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा सांगतो, तेव्हा मुलाला विचारून मित्रासाठीही सांगा.

मिस्सेत दाराशी उभा राहतो तर राहू दे, पुढे ओढू नका. येतोय ना! मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर समुपदेशकाकडे न्या. नुसतं फादरांशी बोलून भागणार नाही.

संस्कारांचा बोल मनाला लावून घेऊ नका. मित्रासाठी आठवडाभर देवाकडे विनवणी करणारा मुलगा तुम्हीच वाढवलात. हे सासूबाईंना तुमच्या यजमानांनी सांगायला हवं, आईला ते मुलाच्या तोंडून लवकर पटेल.