वाचकांचे प्रश्न : काबुकी नटाचं जपानी ठसाचित्र

प्रश्न : टोकियोत घेतलेलं काबुकी, म्हणजे जुन्या जपानी रंगभूमीवरच्या, नटाचं एक लाकडी ठशाचं चित्र घरी आहे. सही 'तोयोकुनी', शेजारी एक गोल आणि एक लंबगोल शिक्का. नटाचं नाव कुठेच नाही. नट कोण, साल कोणतं? (फोटो सोबत.) – एक वाचक, पुणे

उत्तर : सहीवर विसंबू नका. या नावाचा पहिला चित्रकार 1825 मध्ये वारला. 1844 पासून त्याचा शिष्य कुनिसादा तीच सही करू लागला आणि आज हाती लागणारी बहुतेक 'तोयोकुनी' चित्रं त्याचीच असतात. साल सापडतं ते शिक्क्यांत. तुमच्या लंबगोल शिक्क्यात वर सशाच्या वर्षाचं (जपानी पंचांगात बारा वर्षांना बारा प्राण्यांची नावं असतात) अक्षर आहे, खाली तीन आडव्या रेघा, म्हणजे तिसरा महिना. हे वर्ष दर 12 वर्षांनी येतं, म्हणून 1855 की 1867 असा घोळ हमखास होतो. तो गोल शिक्क्याने सुटतो. 1855 मध्ये छपाईला मंजुरी देणाऱ्या सरकारी तपासनिसाचा गोल शिक्का वेगळा उमटवत. 1859 पासून तपासणी आणि तारीख एकाच गोल शिक्क्यात आली. तुमच्याकडे दोन शिक्के आहेत, तेव्हा 1855. शिवाय 1867 उजाडेपर्यंत कुनिसादा हयातही नव्हता.

नाव नाही याला कारण नटांच्या चित्रांवरची 1842 ची सरकारी बंदी. ती चित्रं काही वर्षांत परतली, पण बराच काळ नाव गाळून, नुसत्या भूमिकेच्या नावासह. एदोतल्या, म्हणजे तेव्हाच्या टोकियोतल्या, रसिकांना नाक-डोळे पुरेसे होते! तुम्ही जपानी जाणणाऱ्या कुणाकडून भूमिकेचं नाव वाचून घ्या आणि वासेदा विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहालयाच्या ऑनलाइन संग्रहात भूमिका व साल टाकून शोधा. पोशाखावर एकात एक तीन चौकोन दिसले, तर आधी इचिकावा दान्जुरो हे नटांचं घराणं तपासा. प्रयोगाची नोंद मिळालीच नाही तर चित्र 'मिताते' असू शकेल, म्हणजे रंगमंचावर कधी न झालेली, चित्रकाराच्या मनातली पात्रयोजना.

प्रश्न : चित्र मूळ की नंतरचं, हे घरी तपासता येईल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अर्धंमुर्धं. दहापट भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली, तर यंत्रावरची छपाई, विषय संपला. नसेल तर कागद उलटा करा. हाताच्या छपाईत रंग मागे झिरपलेला असतो आणि बारेनने, म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने, घासल्याच्या गोलसर खुणा तिरप्या उजेडात दिसतात. मात्र नवे ठसे कोरून हातानेच छापलेल्या नकलांतही हे सगळं असतं, त्यामुळे एवढ्यावर भाव ठरवू नका. कपाळावरच्या केसांच्या रेषा तुटक किंवा जाड आल्या असतील, तर बहुधा झिजलेल्या ठशावरची उशिराची प्रत.

प्रश्न : चौकटीत लावताना काय सांभाळावं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने. काच चित्राला टेकू देऊ नका. कोकणातल्या पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. बाहेरची, ओल येणारी भिंत टाळा. उन्हाचा तर कवडसाही नको, कारण करडईचा लाल आणि फुलांचा निळा हे रंग उडाले की परत येत नाहीत.