दाव्यात तुझा धंदा ‘शेती’ लिहिला तर

पोरा,

तुझा मेसेज परवाच बघितला, पण उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं म्हणून बसून लिहितोय. चुलता वाटणीचा दावा टाकणार म्हणतोय आणि तुझ्या बॅरेकमधल्या कुणीतरी सांगितलं की फौजीवर केस होतच नाही. होते की! कुणावरही होते. ट्रेनिंग संपवून आल्यावर सगळ्या गावानं तुला हलगी लावून मिरवलं, मोहोळच्या चौकात तुझा फ्लेक्स लागला, पण त्या फ्लेक्सला कोर्टात काही किंमत नाही बघ. कोर्टाला कागद लागतो आणि त्या कागदावर तू सैनिक आहेस हे लिहिलेलं लागतं.

माझंच सांगतो. मी लेहला होतो, मोबाईल वगैरे काही नव्हतं तेव्हा, पत्र यायला पंधरा पंधरा दिवस. इकडं भावकीतल्या एकानं बांधाच्या तीन गुंठ्यांवरून दावा टाकला आणि दाव्यात माझ्या नावापुढं काय लिहिलं तर ‘धंदा : शेती, राहणार’ आणि गावाचा पत्ता. सगळ्या भावकीला माहीत होतं मी कुठं आहे, त्याच्याच पोराच्या लग्नात मी युनिफॉर्मवर फोटो काढला होता. पण कागदावर शेती. मग काय, कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन घरी आला, आईला वाचता येत नव्हतं, तिनं ते समन्स घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी पत्र्याच्या पेटीत. मी ज्वारीच्या काढणीला सुट्टीवर आलो, आईनं पेटी उघडून दिली, तोवर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे माझं न ऐकताच निकाल, झालेला. तीन गुंठ्याचं काय एवढं म्हणशील, पण त्याच तीन गुंठ्यात आमची विहीर होती.

आता यातली मेख सांगतो, जी मला फार उशिरा कळली. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ५ रूल २८ आहे, त्यात साफ लिहिलंय की प्रतिवादी सैनिक असेल तर कोर्टानं समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडं पाठवायचं. घराच्या दाराला चिकटवायचा विषयच नाही. पण कोर्टाला कळणार कसं की तू सैनिक आहेस? शेती लिहिलं की समन्स घरी. माझ्या पहिल्या वकिलाला पण हे ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून बोलला नाही, देव जाणे. दुसऱ्यानं युनिटचं सर्टिफिकेट लावून अर्ज टाकला आणि हुकूमनामा रद्द करून घेतला, पण तोवर दोन वर्षांच्या सुट्ट्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहा पिण्यात गेल्या.

म्हणून तू आत्ताच दोन कामं कर. एक, त्याच संहितेच्या ऑर्डर २८ खाली (मघाचा तो ऑर्डर ५ चा रूल २८, हा वेगळा) सुट्टी न मिळणाऱ्या सैनिकाला आपल्या वतीनं दावा चालवायला दुसऱ्या कुणालाही लेखी अधिकार देता येतो. त्यावर सही कमांडिंग ऑफिसरसमोर करायची, ते प्रतिस्वाक्षरी करतात, मग तो कागद कोर्टात दाखल होतो. चुलत्यानं खरंच दावा टाकला तर बहिणीच्या नावानं दे, वडिलांच्या नको, राग मानू नको पण वडील भावासमोर गप्प बसतात हे मी लहानपणापासून बघतोय. दोन, महिन्यातून एकदा मोबाईलवर सातबारा आणि फेरफार बघायचा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, गावात अजून तलाठीच चालतं, तर त्याच्याकडं एक साधा अर्ज देऊन ठेव की मी सैन्यात आहे, माझ्या गटाबाबत काही नोटीस निघाली तर युनिटच्या पत्त्यावर पण कळवा. पोच घे. पोच नसलेला अर्ज म्हणजे सोलापूरच्या गड्डा जत्रेत फिरून आल्यासारखं, मजा आली, हातात काही नाही.

आणि सुट्टी. तुम्हा अग्निवीरांना वर्षाला ३० दिवस. कोर्टाची एक तारीख त्याच्यापेक्षा लांबची पडते. त्यासाठी आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ३२ लक्षात ठेव, पाठच कर. केससाठी सुट्टी मिळाली किंवा मागितली असं लष्करी अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट कोर्टात दिलं, की शक्य तितकं त्या सुट्टीतच सुनावणी आणि निकाल करायचा असं कायदा सांगतो. सर्टिफिकेटवर सुट्टीचा पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि केस कसली ते पाहिजे. ते दाखल करायला फी नाही. युनिटच्या बाबूकडं घरी निघायच्या आदल्या दिवशी नको जाऊस, तो वैतागतो. महिनाभर आधी जा.

१९२५ चा पण एक कायदा आहे, सैनिकांच्या दाव्यांचाच, इंग्रजांच्या काळातला. लढाईच्या किंवा परदेशातल्या ड्युटीसारख्या परिस्थितीत असलास तर दावा थांबवता येतो, मुदत मोजताना तो काळ वगळतात. साध्या पीस पोस्टिंगला, म्हणजे शांत ठिकाणच्या ड्युटीला, तो लागेल असं मात्र धरू नको. पगारावर जप्ती येत नाही हे खरं, पण म्हणून बुलेटचं लोन काढून हप्ते बुडवू नको, गाडी उचलून नेतील.

आता जरा कडू बोलतो. हे सगळं तू युनिफॉर्ममध्ये आहेस तोवर. चार वर्षांनी बाहेर पडलास तर अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही. सेवानिधीचे, म्हणजे चार वर्षं संपल्यावरचे एकरकमी पैसे मिळतील, पण सरकारी योजनेत ‘माजी सैनिक’ लिहिलं की त्यात तू आपोआप येत नाहीस. घरपट्टी माफीचंच बघ. आधी ती पदकवाल्यांना आणि सैनिकांच्या विधवांना होती, २०२० मध्ये राज्यानं सगळ्या माजी सैनिकांना लावली, माझी पण माफ झाली. म्हणजे यादी वाढवता येते. पण वाढवल्याशिवाय वाढत नाही. सीआरपीएफवाले आमच्याच गल्लीतले, गोळ्या त्यांनी पण खाल्ल्या, ते पण माजी सैनिकात बसत नाहीत. अमेरिकेत तरी काय वेगळं आहे? तिथं सैनिकाच्या भरतीआधीच्या कर्जावर ६ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही असा केंद्राचा २००३ चा कायदा आहे, पण गव्हर्नरनं पुराला वगैरे बोलावलेला नॅशनल गार्डवाला, म्हणजे तिथल्या राज्याच्या राखीव दलातला सैनिक, त्यात येत नाही, म्हणून राज्यांनी आपापले कायदे करून त्यांना आत घेतलं. आपल्याकडं अग्निवीरांसाठी हे कोण मागणार, तर तुमचीच बॅच. आमदार गावात आला की नुसता सेल्फी काढू नका.

अधिकारपत्राचा मसुदा करून ठेवतो, व्हॉट्सॲपला टाकीन, तुझा आर्मी नंबर आणि युनिटचा पत्ता तेवढा नीट भर. आणि आईला आजच फोन कर, सांग, कोर्टाचा कसलाही कागद आला तर पेटीत ठेवायचा नाही, बहिणीकडून फोटो काढून त्याच दिवशी पाठवायचा.

तुझा,
काका