बिमको, आयसीएस वगैरे मंडळी नक्की करतात काय?

प्रश्न: जहाजांच्या चार्टरिंगच्या, म्हणजे जहाज भाड्याने देण्या-घेण्याच्या, कामाला नुकतीच लागलेय. कराराचा फॉर्म बघावा तर बिमको या जहाजवाहतुकीच्या संघटनेचा, आणि सिनियर लोक सारखं आयसीएसचं म्हणणं असं, इंटरटँकोचं तसं, असं बोलत असतात. नियम तर आयएमओ (संयुक्त राष्ट्रांची सागरी संघटना) करते ना, मग या संघटना कशाला?

उत्तर: नियम आयएमओच करते, म्हणजे सदस्य देशांची सरकारं मिळून करतात. संघटनांना तिथे मतदानाचा हक्क नसतो, फक्त सल्लागार दर्जा असतो, पण बसता येतं, बोलता येतं, पेपर मांडता येतात आणि जहाजावर तो नियम प्रत्यक्षात कसा पाळला जाणार हे बऱ्याचदा यांनाच जास्त माहीत असतं, त्यामुळे वजन पडतं.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम तुमच्या टेबलावरच आहे. बिमको १९०५ साली कोपनहेगनमधे सुरू झाली, तेव्हा जहाजमालकांना लाकडाच्या वाहतुकीचे दर सांभाळायचे होते, आज तिची खरी ओळख म्हणजे तयार करारनामे. त्यातला जेनकॉन, म्हणजे एका फेरीच्या मालवाहतुकीच्या कराराचा फॉर्म, १९२२ पासून आहे. विचार करा, एका देशाचा मालक, दुसऱ्या देशाचा चार्टरर (जहाज भाड्याने घेणारा), ब्रोकर तिसरीकडेच, आणि तरी लेटाइम (माल चढवण्या-उतरवण्याचा ठरलेला वेळ) कधी सुरू होतो, डेमरेज (तो वेळ उलटल्यावरची भरपाई) कोण भरणार यावर दरवेळी पहिल्यापासून भांडावं लागत नाही, कारण कलमं सगळ्यांच्या ओळखीची असतात. हे फार मोलाचं आहे!

खलाशांसाठीही यांचा उपयोग होतो. २०२० मधे कोविडमुळे क्रू चेंज (जहाजावरच्या खलाशांची बदली) अडकले, लाखो लोक करार संपूनही जहाजावरच राहिले, तेव्हा जहाजमालकांची आयसीएस आणि खलाशांची युनियन आयटीएफ, एरवी पगारावरून समोरासमोर बसणारे, क्रू चेंजच्या प्रोटोकॉलसाठी एकत्र आले.

एक मात्र विसरू नका, प्रत्येक संघटना कुणाची तरी बाजू मांडते. आयसीएस जहाजमालकांची, इंटरटँको स्वतंत्र टँकरमालकांची, तर ओसीआयएमएफ तेल कंपन्यांची, त्यामुळे एकाच टँकरबद्दल शेवटच्या दोघांचं म्हणणं वेगळं असू शकतं. प्रदूषणाच्या नियमांवर कुणी "अजून वेळ द्या" म्हणालं तर खर्च कोणाच्या खिशातून जाणार ते आधी बघा.

आणि बिमकोचा फॉर्म म्हणजे कायदा नव्हे हं, दोन्ही बाजूंनी मान्य केला तरच लागू. जेनकॉन १९९४ चा आहे की २०२२ चा ते पहिल्यांदा तपासा आणि मागे जोडलेले रायडर क्लॉज (जादा कलमं) नीट वाचा, छापील कलमं तिथेच बदललेली असतात.