भारतात 'कॅनॅबिस कार्ड' नाही, मग कायदेशीर वाट कोणती?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहणाऱ्या आईंच्या पायांत केमोनंतर आग होते, वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू आहे, आणि कॅलिफोर्नियातला भाचा गांजाच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) आणू का म्हणतोय. तिकडे औषध म्हणून गांजा घ्यायला 'कॅनॅबिस कार्ड' मिळतं; इथे तसं कार्ड कसं काढायचं?

कार्ड आपल्याकडे नाहीच, पात्र आजारांची सरकारी यादीही नाही. भाच्याला आजच नाही कळवा. तिकडचं कार्ड मुंबई विमानतळावर काही कामाचं नाही. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 23 खाली ती सरळ बेकायदा आयात ठरते.

इथली वाट आयुर्वेदातून जाते. 1985 च्या त्या कायद्यात झाडाचे फुला-फळांचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया व्याख्येबाहेर राहतात. पान म्हणजे भांग, वैद्यांची विजया. औषध नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, ती असल्याने वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची. मात्र सुटी भांग आणून घरी काढा करू नका. महाराष्ट्रात विनापरवाना भांग बाळगणं 1949 च्या दारूबंदी कायद्यात अडकतं. कुंडीत एक रोप लावलं तरी तो गुन्हाच.

करायचं ते असं. नोंदणीकृत बीएएमएस वा एमडी वैद्य गाठा आणि नोंदणी क्रमांक तपासा. चिठ्ठीवर नाव, वय, निदान, औषध, मात्रा, मुदत, तारीख, सही हवी. विजयेच्या औषधाच्या बाटलीवर आयुष उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत पाहा. चिठ्ठी, बिल आणि बाटली एकत्र ठेवा.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती 'हेम्प सीड ऑइल'मध्ये. ते बियांचं खाद्यतेल आहे, एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत बसतं, पण दुखण्यावर त्याचा उपयोग नाही. दुसरी गफलत आकड्यांची. 30 मिलीत 1500 मिग्रॅ 'अर्क' म्हणजे मिलीत 50, आणि मिलीचे 20 थेंब धरले तर थेंबाला 2.5 मिग्रॅ अर्क. हा टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचा, आकडा नव्हे. बॅचचा चाचणी अहवाल मागा; टीएचसी 60 टक्के निघालं तर थेंबाला 1.5 मिग्रॅ. या वयात रात्री 1 ते 2.5 मिग्रॅ टीएचसीपासून सुरुवात आणि दोन-तीन दिवसांनी वाढ, तीही वैद्यांना विचारून. पोटातून घेतलं की असर यायला एक-दोन तास लागतात. 'काहीच होत नाही' म्हणून तासाभरात दुसरा डोस घेणारेच चक्कर येऊन पडतात, बहुधा रात्री बाथरूमला उठताना.

पण त्याआधी कॅन्सरतज्ज्ञांना ड्युलोक्सेटिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीबद्दल विचारलंय का? केमोच्या या त्रासावर त्याला पुरावा जास्त भक्कम आहे; वॉर्फरिनसोबत रक्तस्रावाची शक्यता मात्र वाढते, तेव्हा निर्णय त्यांचाच. विजयेतल्या सीबीडी या दुसऱ्या घटकानेही वॉर्फरिनचा असर वाढतो. म्हणून सुरू करण्याआधी एक आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), मग पहिल्या आठवड्यात आणि प्रत्येक वाढीनंतर पुन्हा. वैद्यांना गोळ्यांची यादी दाखवा आणि वॉर्फरिन देणाऱ्या डॉक्टरांना विजयेचं नाव सांगा. हृदयाचा ठोका अनियमित असेल किंवा घरात मनोविकाराचा इतिहास असेल, तर तेही पहिल्याच भेटीत.