‘बघत नाही ओ, नुसतं चालू असतं’

“मॅडम, हे पुण्याला निघाले की मला रात्रभर झोप लागत नाही. मी उगाच घाबरते का?” समुपदेशनासाठी समोर बसलेल्या ताईंचा हा पहिला प्रश्न होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्यांचे मिस्टर सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी-टॉवेलच्या गाठी भरून रात्री बाराला टेम्पो काढतात. टेम्पोत नवा स्क्रीन बसवलाय. गाडी धावू लागली की त्यावर व्हिडिओ बंद होत असे, पण दुकानदाराने वायर जोडून तो चालत्या गाडीतही दिसेल अशी सोय करून दिली. आता रात्रभर सिनेमा. ताईंनी विषय काढला की भांडण ठरलेलं.

असा प्रश्न घेऊन बऱ्याच बायका येतात. ताईंना सांगितलं, तुमची भीती अगदी रास्त आहे. केंद्राच्या 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांतच आहे की चालकाने गाडी चालवताना व्हिडिओ पाहायचा नाही, सूट फक्त रस्ता दाखवणाऱ्या नकाशापुरती. मोबाइल हातात धरून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 184 लागतं: पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

पण दंडाच्या धाकाने हा माणूस बदलणार नव्हता. पुढच्या वेळी दोघांना बोलावलं.

“मी बघत नाही ओ मॅडम, नुसतं चालू असतं. गप्प बसलं की झोप येते की!”

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. मी स्क्रीनचा विषय बाजूला ठेवला आणि दिवसा किती झोपता ते विचारलं. तीन-चार तास, तेही पत्र्याच्या खोलीत. मग मात्र ते आपणहून बोलू लागले. मोडनिंबच्या अलीकडे एकदा उसाची ट्रॉली पुढे होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. “दिसली तेव्हा बाहेर आलेला ऊस काचेला लागायचाच बाकी होता.” बोलताना त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला होता, ब्रेकवर असावा तसा. ताईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं. त्या रडल्या.

ताशी साठच्या वेगात गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर पुढे जाते. एक डोळा रस्त्यावर ठेवला तरी मन गोष्टीत गुंतलेलं असतं, आणि समोरचं दिसूनही ध्यानात येत नाही. स्क्रीनने झोप जात नाही, ती फक्त कळेनाशी होते. तिला उपाय एकच, गाडी बाजूला घेऊन पडणं.

ताईंनाही एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागली. काळजीपोटी त्या दर तासाला फोन करत, आणि तो फोन ते चालत्या गाडीत उचलत. ते बंद करायचं ठरलं. मिस्टरांना झोप मिळावी म्हणून दुपारी घरात टीव्ही बंद ठेवायचा, मुलांना आजीकडे पाठवायचं. मिस्टरांनी स्क्रीनची ती वायर काढून घ्यायची.

वायर निघायला तीन आठवडे लागले. मध्ये एकदा पुन्हा भांडण झालं.

आता दोनच्या सुमाराला टेंभुर्णीच्या ढाब्यावरून त्यांचाच फोन येतो: “गाडी लावलीय. वीस मिनिटं पडतो.” ताई म्हणतात, तेवढं ऐकलं की माझेही डोळे मिटतात.